लास नुएवेचे आठ नकार

एवारिस्तो लिसासो निवडणुकीला उभा राहिला त्याचं कारण राजकारण नव्हतं, वास होता.

पुएर्तो एस्किवोच्या नगर समितीने मेंढ्यांचा कत्तलखाना गावाबाहेरून उचलून त्याच्या औषधाच्या दुकानामागे आणायचा ठराव केला होता. ठराव मांडला होता कासिमिरो रोल्दानने, म्हणजे लोकरीच्या गोदामाच्या मालकाने. बारा वर्षं तोच समितीचा अध्यक्ष होता. तिथून पाण्याचा नळ जवळ पडतो, असं कारण ठरावात लिहिलं होतं. वारा मात्र त्या ठरावात कुणी धरलाच नव्हता. पुएर्तो एस्किवोत वारा पश्चिमेकडून येतो, वर्षाचे तीनशे साठ दिवस येतो आणि वाटेत जे काही असेल ते घेऊन येतो. कत्तलखान्यानंतर वाटेतलं पहिलं घर एवारिस्तोचं.

"अर्ज दे," त्याची बायको एर्मिनिया म्हणाली.

एवारिस्तोने एक सोडून तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. दुसऱ्याला आलं की पहिला अर्ज सापडत नाही. तिसऱ्याला आलं की दुसऱ्या अर्जाचं उत्तर पाहावं.

"मग तूच उभा राहा समितीला," एर्मिनिया म्हणाली आणि पिठाचे हात धुवायला निघून गेली. घरातले सगळे मोठे निर्णय ती हात धुवायला जाता जाताच घ्यायची.

हे गाव ज्या सांताक्रूझ मुलखात होतं तो तेव्हा अजून प्रांत झाला नव्हता. नकाशाच्या पार तळाशी, राजधानीच्या हुकमावर चालणारा तो नुसता 'प्रदेश' होता. गव्हर्नर वरून यायचा, न्यायाधीश वरून यायचा, पीठसुद्धा वरून बोटीने यायचं. गावकऱ्यांच्या हातात काय, तर ही पाच माणसांची समिती. त्यामुळे तिच्यात शिरण्याचे नियम एखाद्या राजदरबाराला शोभतील इतके कडक होते. उमेदवाराला चाळीस समर्थक हवेत. समर्थक मतदार यादीतले हवेत. प्रत्येकाने उमेदवारासमोर सही करावी, लिहिता येत नसेल तर अंगठा द्यावा.

एवारिस्तोला यात काहीच अवघड वाटलं नाही. वीस वर्षं तो या गावाला औषधं देत होता. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा, तोही बोट लागली तर. कुणाचं पोट कशाने बिघडतं, कुणाला झोप लागत नाही, कुणाच्या पायाला काय झालंय हे त्याला त्यांच्या बायकांहून जास्त ठाऊक. एवढ्या जवळच्या माणसाला गाव सही देणार नाही तर कुणाला देणार?

इथेच तो चुकला. आपली मूळव्याध ज्याला माहीत आहे अशा माणसाच्या हाती कुणीही सत्ता देऊ इच्छित नाही. लोक सही करताना इकडेतिकडे बघायचे, जणू तो पेन नाही, मलमाची डबी पुढे करतोय. तरी भिडेपोटी कशाबशा चाळीस सह्या झाल्या. त्या घेऊन तो निवडणूक मंडळाचे सचिव प्लासिदो यांच्याकडे गेला. प्लासिदोंनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "शाई जांभळी आहे."

"हो, दुकानातली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायची."

"नियमात काळी म्हटलंय."

"पण सह्या तर खऱ्याच आहेत ना?"

"खऱ्या आहेत, पण जांभळ्या आहेत," प्लासिदो दुःखाने म्हणाले. हे दुःख मनापासून होतं. नियम मोडलेला पाहून त्यांना अन्नसुद्धा जायचं नाही.

दुसऱ्या फेरीला काळी शाई होती, पण तोवर कासिमिरो रोल्दान गावातून एक चक्कर मारून आला होता. त्याने कुणाला धमकावलं वगैरे नाही. त्याने फक्त सगळ्यांची चौकशी केली: लोकर कशी आहे यंदा? गोदामात जागा लागेल ना? सह्या एकतीसवर थांबल्या. न्हावी, ज्याच्या डोक्यातल्या कोंड्यावर एवारिस्तोने सहा वर्षं फुकट औषध दिलं होतं, वस्तरा परजत म्हणाला, "तुमच्यावर माझा जीव आहे हो. पण सही म्हणजे लेखी झालं."

शेवटी प्लासिदोंनीच मार्ग दाखवला. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "नऊ माणसं उरलीत. लास नुएवेची."

लास नुएवे म्हणजे मिठागराकाठची नऊ घरांची वस्ती, गावापासून चौदा कोसांवर. मिठागर बंद पडून चार वर्षं झाली होती. घरटी एक मत. तिथून कुणी गावात येत नसे, इथून कुणी तिकडे जात नसे.

"एकतीस आणि नऊ," एवारिस्तो म्हणाला.

"चाळीस," प्लासिदो म्हणाले. बेरीज नियमात बसत होती. "शनिवारी दुपारी बारापर्यंत. काळी शाई."

*

गाडी स्टीपेची होती. स्टीपे क्रोएशियातून आलेला, दोन मेंढ्यांच्या आकाराचा माणूस. त्याला एवारिस्तोने एकदा दाढदुखीतून सोडवलं होतं, म्हणून तो तयार झाला. मात्र सकाळी निघाल्यापासून तो गप्प होता. नऊ कोस झाल्यावर म्हणाला, "मी उतरणार नाही, आधीच सांगतो."

"का?"

"मागच्या वर्षी माझी मेंढरं चुकली म्हणून त्या टेकाडापर्यंत गेलो होतो. खाली नऊ घरं, नऊ धुरांडी, नऊ धूर. बघत बसलो तासभर. एकही माणूस दाराबाहेर आला नाही. कुत्रं नाही. पोर रडलं नाही. नुसता धूर." त्याने गाडीचं स्टिअरिंग घट्ट धरलं. "जिथं चूल आहे तिथं आवाज पाहिजे, साहेब."

एवारिस्तो विज्ञानाचा माणूस होता. त्याने स्टीपेला सांगितलं की थंडीत माणसं घरातच बसतात. स्टीपेने सांगितलं की तो जानेवारी होता. इथे, नकाशाच्या तळाशी, जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. विज्ञानाने खिडकीची काच वर केली.

टेकाडावर पोहोचले आणि वारा थांबला.

ज्याने त्या मुलखात दिवस काढलेत त्यालाच कळेल की हे किती भलतं आहे. तिथे वाऱ्याचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही, इतका तो कायमचा असतो. तो थांबला की स्वतःच्या कानात रक्त फिरतंय ते ऐकू येतं. एवारिस्तोला आपल्या बुटाचं चामडं करकरताना ऐकू आलं, खिशातल्या शाईच्या बाटलीत शाई हलताना ऐकू आली. खाली पांढरं मिठागर होतं आणि काठावर एका ओळीत नऊ घरं, पत्र्याची, मिठाने खाल्लेली. नऊही धुरांड्यांतून नऊ धूर सरळ वर चालले होते, ओळंबा लावावा तसे.

"इंजिन चालू ठेवतो," स्टीपे म्हणाला.

एवारिस्तोने टाय नीट केला. उमेदवाराने उमेदवारासारखं दिसायला हवं, असं एर्मिनियाने बजावलं होतं. उतारावरून खाली जाताना त्याच्या लक्षात आलं की गल्लीतल्या खारट धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नाही. माणसाचं नाही, कोंबडीचंही नाही. दोरीवर कपडे वाळत होते: एक पुरुषाचा सदरा, एक लहान मुलीचा झगा. सदरा उन्हाने इतका विरला होता की त्यातून पलीकडचं मिठागर दिसत होतं.

त्याने पहिलं दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. मग आतून एक म्हातारा, खरखरीत आवाज: "कोण?"

"एवारिस्तो लिसासो, पुएर्तो एस्किवोचा औषधवाला. नगर समितीसाठी उभा आहे. आपला पाठिंबा..."

दार वीतभर उघडलं. आत अंधार, आणि त्या अंधारात टोपीची कड तेवढी दिसली. "समिती आम्हाला काय देणार?"

"तुम्हाला काय हवंय?"

"कुणी येऊ नये एवढंच," आवाज म्हणाला. एक हात बाहेर आला, सही केली, आत गेला. दार बंद.

इतकं सोपं गाव एवारिस्तोने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दारामागे एक तरणी, चिडकी बाई होती. तिने विचारलं, तुम्ही लग्न झालेले आहात का, मग बायको घरी एकटी टाकून इतक्या लांब काय करताय? त्याने कत्तलखान्याचं सांगितलं. "अगं बाई," आवाज म्हणाला आणि लगेच सही मिळाली. तिसऱ्या दारातल्या माणसाला लिहिता येत नव्हतं. वीतभर फटीतून अंगठा आला, शाईत बुडला, कागदावर टेकला. नंतर आतून खोकला आला. कोरडा, तीन ठोक्यांचा, शेवटचा ठोका जरा वर चढणारा.

"खोकला किती दिवसांचा?" एवारिस्तोने सवयीने विचारलं.

"आहे आपला," आवाज म्हणाला. दार बंद.

चौथ्या घरातून कुणी चकार शब्द बोललं नाही, नुसती सही आली. पाचव्या घरातल्या तरुणाचा आवाज असा मोकळा, हसरा होता की एवारिस्तोला बरं वाटलं. "निकानोर मान्सिया," तो म्हणाला. "सही करतो, पण निवडून आलात तर नाचायला बोलवा." त्या दारासमोर एवारिस्तो उगाचच क्षणभर रेंगाळला. असा आवाज घरात असला की घराला कशाची भीती, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात दाराआड कुणीतरी खोकलं. तीन ठोके, शेवटचा वर चढणारा.

औषधवाल्याला माणसाचा चेहरा एकवेळ आठवत नाही, पण खोकला तो विसरत नाही. एवारिस्तो जागेवर उभा राहिला. नंतर स्वतःला म्हणाला, साथ असेल. एकाच हवेतली माणसं. विज्ञान.

सहाव्या दारात अंगठा आला. तो शाईत बुडण्याआधी एवारिस्तोने तो नीट पाहिला. अंगठ्याच्या पेरावर एक जुनी, तिरकी, पांढरी खूण होती, कोयता लागल्यासारखी. त्याने कागद वर धरला. तिसऱ्या नावापुढचा ठसा आणि सहाव्या नावापुढचा ठसा, दोन्हींतून एकच तिरकी पांढरी रेघ गेली होती.

सातव्या दारात त्याने सही घेतली, पण काय बोलला ते त्याला नंतर कधी आठवलं नाही. तिथून निघून तो सातव्या आणि आठव्या घराच्या मध्ये थांबला. पाय पुढे जाईनात. वारा अजून पडलेलाच. टेकाडावर स्टीपेच्या गाडीचं इंजिन बारीक धडधडत होतं, आणि ती धडधड हीच जगातली एकमेव शहाणी गोष्ट आहे असं त्याला वाटलं.

आणि आठव्या दारामागून आवाज आला: "कोण आहे?"

त्याने दार वाजवलंच नव्हतं.

आपण पळालो नाही, याचं एवारिस्तोला पुढे आयुष्यभर कौतुक वाटलं. खरं म्हणजे पाय हलत नव्हते, पण ते कुणाला सांगायची गरज नव्हती. थोड्या वेळाने भीतीच्या वर राग चढला. कुणीतरी एका उमेदवाराची, टाय घातलेल्या उमेदवाराची, थट्टा करत होतं. तो दोन घरांच्या बोळातून मागे गेला. मागे नऊही घरांची एकच लांब पडवी होती आणि नऊही मागची दारं सताड उघडी होती. आठव्या दारातून त्याने आत पाहिलं.

त्याच्याकडे पाठ करून एक बुटकी म्हातारी पुढच्या दाराला कान लावून उभी होती. पायात मेंढीच्या कातड्याचे जोडे, त्यांचा आवाज होत नाही. डोक्यावर पुरुषाची फेल्ट टोपी. "कोण आहे?" तिने पुन्हा विचारलं, जाड, घोगऱ्या, पुरुषी आवाजात.

"मीच," एवारिस्तो मागून म्हणाला.

म्हातारी दचकली नाही. तिने हळूच टोपी काढली, भिंतीवरच्या खुंटीला लावली, आणि तिचा स्वतःचा आवाज निघाला, बारीक आणि थकलेला. "एवढं एकच राहिलं होतं रे बाबा. नवव्यात तर मीच राहते. चल, माते पाजते, आपला गरम काढा."

*

तिचं नाव एदेलमिरा; मानाने दोन्या एदेलमिरा. चिलोए बेटावरून नवऱ्याबरोबर मिठागरावर आलेली. नवरा वारला, मिठागर बंद पडलं, आणि बाकीची आठ घरं पश्चिमेला कोळशाच्या खाणीवर गेली. जाताना म्हणाली, दोन वर्षांत येतो. किल्ल्या तिच्याकडे ठेवून गेली.

"मग तू आठ घरांच्या चुली कशाला पेटवतेस?" एवारिस्तोने विचारलं. हातात माते नावाच्या काढ्याचा तुंबा होता.

"जमिनीचा कायदा. तुला माहीत नाही? प्लॉट वर्षभर रिकामा राहिला की सरकारजमा. शरद ऋतूत निरीक्षक येतो, टेकाडावर गाडी थांबवतो, दुर्बिणीतून धूर मोजतो आणि जातो. खाली कधी उतरत नाही. पण कधी येईल ते सांगून येत नाही ना? म्हणून रोज."

"रोज नऊ चुली?"

"सकाळी चार वाजता उठते. पाठ धरते हल्ली." तिला खोकला आला. तीन ठोके. "एकदा तारखात्याचा माणूस आला होता, तेव्हापासून आवाज काढायला शिकले. टोपी घातली की जमतं. टोपीशिवाय नाही येत. तरण्या पोरीसाठी तिची शाल आहे."

"आणि चौथ्या घरातलं कुणी बोललं नाही ते?"

"तो मुका आहे."

एवारिस्तोने एक घोट घेतला. काढा कडू होता, पण बरा वाटला. "तो पाचव्यातला, निकानोर. फार छान आवाज काढलास."

म्हातारीने चुलीतला निखारा सारखा केला. "तो खाणीत गेला रे, दुसऱ्याच महिन्यात. दरड आली. त्याची आई अजून म्हणते परत गावाला यायचं. त्याचा आवाज मी काढत नाही. त्याची टोपी घातली की आपला येतो."

एवारिस्तोच्या मानेवर काटा आला. त्याने कागदाकडे पाहिलं. सात सह्या झालेल्या, दोन राहिलेल्या.

"आठव्याची करून देते," दोन्या एदेलमिरा म्हणाली. "आणि माझी. घेऊन जा. तुझं काम होतंय ना? माझं काय जातंय."

चाळीस. काळ्या शाईत. क्षणभर एवारिस्तोला समितीची खुर्ची दिसली, कासिमिरोचा पडलेला चेहरा दिसला, दुकानामागे स्वच्छ मोकळी हवा दिसली. आणि लगेच त्याच्यापुढे तोच कासिमिरो दिसला, प्लासिदोंच्या टेबलावर मूठ आपटत: या सह्या मला मान्य नाहीत, या आठ जणांना समोर बोलवा. प्लासिदो बोलावतील, कारण नियमात तसं असेलच. आठ जणांपैकी कुणीही येणार नाही. मग कुणीतरी टेकाड उतरून खाली येईल.

त्याने लास नुएवेच्या सह्यांचा तो कागद घडी करून चुलीत टाकला. कोरा काढला. "तुझी एकटीची कर," तो म्हणाला. "तुझ्या स्वतःच्या हाताने, तुझ्या नावाची."

तिने हळूहळू, जीभ दाताखाली धरून, स्वतःचं नाव लिहिलं. इतरांच्या सह्यांपेक्षा तिला तेच जास्त अवघड गेलं.

टेकाडावर स्टीपेने विचारलं, "मिळाल्या?"

"एक. आठ जणांनी नाही म्हटलं."

स्टीपेचा चेहरा पांढरा झाला. "म्हणजे... बोलले तुमच्याशी?" त्याने छातीवर क्रूस काढला आणि गाडी अशी हाकली की चौदा कोस अर्ध्या वेळात आले.

*

शनिवारी पावणेबारा वाजता निवडणूक मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कासिमिरो रोल्दान खिडकीपाशी विडी ओढत उभा होता. प्लासिदोंनी सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"बत्तीस."

"बत्तीस," एवारिस्तो म्हणाला.

"लास नुएवेत यादीप्रमाणे नऊ मतदार आहेत. सही एक. बाकीचे आठ घरी नव्हते काय?" प्लासिदोंनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण घरी नसतील तर तसं जमीन खात्याला कळवावं लागेल. नियम तेरा."

खिडकीतून कासिमिरोचं लक्ष एकदम आत वळलं. मिठागराच्या बाजूची चराईची जमीन त्याला कधीपासून हवी होती, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

एवारिस्तोने घसा साफ केला. "घरीच होते," तो म्हणाला. "सगळे. आठही."

"मग सही का नाही?"

"नाही म्हणाले."

कुणीतरी फिसकन हसलं.

"प्रत्येकाचा नकार वेगळा नोंदवावा लागेल," प्लासिदो म्हणाले आणि त्यांनी नवा कागद घेतला. त्यांच्या आवाजात उत्सव होता. "पहिलं घर?"

"पहिल्या घरातले आजोबा म्हणाले, समितीत औषधवाला नको, समिती आजारी पडेल." हशा. "दुसऱ्या घरातली बाई म्हणाली, बायको एकटी टाकून हिंडणाऱ्याला मी मत देत नाही. तिसऱ्याने माझ्या तोंडावर दार आपटलं. चौथा..." एवारिस्तो क्षणभर अडला. "चौथा मुका आहे. पण त्याने हाताने जे केलं ते नोंदवता येणार नाही."

आता लोक खुर्च्यांना धरून हसत होते. न्हावी डोळे पुसत होता. एवारिस्तोचे कान लाल झाले. गंमत अशी की सगळं त्याने स्वतःच रचलं होतं, तरी तिसऱ्या माणसाचा त्याला खरोखर राग आला. दार आपटायची काय गरज होती?

"पाचवं?" प्लासिदो म्हणाले.

एवारिस्तो थांबला. हसू ओसरेपर्यंत थांबला. "निकानोर मान्सिया," तो हळू म्हणाला. "तो म्हणाला, सही नको, पण नाचायला बोलवा. फार आनंदी मुलगा आहे."

"हजर. नकार," प्लासिदोंनी लिहिलं.

'या औषधवाल्याला जुलाबाचं औषधसुद्धा धड देता येत नाही' असं आठवा म्हणाला, हेही एवारिस्तोने सांगितलं. प्लासिदोंनी अक्षरशः लिहून घेतलं, शिक्का मारला, खाली त्याची साक्षीदार म्हणून सही घेतली. काळ्या शाईत. आठ माणसं, आठ घरं, सगळी हजर, सरकारी दप्तरात. कासिमिरोने विडी खिडकीबाहेर टाकली आणि पहिल्यांदाच एवारिस्तोकडे खऱ्या तिरस्काराने पाहिलं. का ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

उमेदवारी फेटाळली गेली. महिन्याभरात कत्तलखाना दुकानामागे आला. शरदात जमीन निरीक्षक आला, प्लासिदोंचं दप्तर वाचून इतका हसला की टेकाडावर जायचंच विसरला. आणि गावाने एवारिस्तोला नवं नाव दिलं: 'आठ'. "काय आठ, आज खोकल्याचं औषध आहे का?" तो मान खाली घालून बाटली पुढे करायचा.

हे नाव एर्मिनियाने तीन आठवडे सोसलं. एका रविवारी ती हात धुवायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "स्टीपेला सांग, गाडी काढ."

"कुठे?"

"त्या आठ जणांकडे. माझ्या नवऱ्याला जुलाबाचं औषध देता येत नाही म्हणणारा मला बघायचाय."

एवारिस्तोने तिला डोकेदुखी सांगितली, रस्ता खराब सांगितला, स्टीपे येणार नाही हेही सांगितलं. स्टीपे खरंच येत नव्हता, पण एर्मिनियासमोर नाही म्हणायला त्याला जास्त भीती वाटली.

टेकाडावर त्या दिवशीही वारा नव्हता. नऊ धूर सरळ उभे होते. एर्मिनिया गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि त्या आठ बंद दारांना तिने असं काही सुनावलं की आवाज मिठागरावरून परत आला. वीस वर्षं हा माणूस तुमची दुखणी पोटात ठेवतोय. कुणाचं कधी कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही! बाहेर या!

कुणी बाहेर आलं नाही. कुठलंही दार हललं नाही.

"एर्मिनिया, चल," एवारिस्तो म्हणाला.

पण एर्मिनिया काही उमेदवार नव्हती. ती पुढच्या दाराने जाणारी बाई नव्हतीच. तिने पदर खोचावा तशी शाल कमरेला आवळली, बोळातून मागे गेली आणि पडवीत नाहीशी झाली. एवारिस्तो गल्लीत उभा राहिला. पहिल्या घरात तिच्या टाचा वाजल्या, थांबल्या. दुसऱ्या घरात वाजल्या, थांबल्या, जास्त वेळ थांबल्या. तिसरं. चौथं. प्रत्येक घरात तिची चाल हळू होत गेली. पाचव्या घरात तर इतका वेळ आवाजच नाही की एवारिस्तोने टायची गाठ सैल केली. मग कुठेतरी दोन बायकांचं बारीक बोलणं ऐकू आलं. एकीला मधूनमधून खोकला येत होता.

बऱ्याच वेळाने बोळातून एर्मिनिया बाहेर आली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते, कपाळावर राखेचा पट्टा उठला होता. नवऱ्यासमोर येऊन ती उभी राहिली आणि त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की त्याला पुन्हा कानांत रक्त ऐकू येऊ लागलं.

"चौथ्या घरातली चूल विझत आली होती," ती म्हणाली. "असा उभा काय राहिलास? सरपण आण."